पांढरा रंग खरवडलेला पत्रा

मित्रांनो, मी एकेकाळी उपग्रहाच्या पाठीवर बसवलेला एक जुना पत्रा आहे. पोटातल्या यंत्रांची उष्णता बाहेर टाकायची, एवढंच माझं काम होतं.

मला पांढरा रंग दिला तो रंगशाळेतल्या ताईंनी. पातळ थर फवारायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. आठवडा गेला. नंतर पाहुणे येणार म्हणून मोठे साहेब आले आणि त्यांनी नाक मुरडलं.

"ही काय दवाखान्याची भिंत आहे? घासून आरसा करा याचा!"

"साहेब, चकचकीत पत्रा उष्णता बाहेर सोडत नाही. हा रंग सोडतो."

"अहो, वर केवढी थंडी! आपोआप गार होईल."

"थंडी आहे, पण हवा कुठाय? फुंकर घालणार कोण? थर्मासमधला चहा लवकर निवतो का? तिथं उष्णता फक्त किरणांनी जाते, आणि ते काम..."

"बाई, तुम्ही रंग लावा. शास्त्र आम्हाला शिकवू नका."

मला खरवडलं. ताईंची गोदामात रवानगी झाली. माझ्या रंगकामाच्या कागदावर सही मात्र त्यांचीच राहिली. वर काही जळलं की मान त्यांचीच अडकणार होती.

पहिली चाचणी साध्या खोलीत झाली. तिथल्या हवेनं उष्णता उचलून नेली. "बघा, गारेगार!" साहेब हसले. मी मनात म्हटलं, थांब लेका, हवा काढू दे.

मग पाहुण्यांसमोर आम्हाला पोलादी टाकीत कोंडून हवा शोषून घेतली. टाकीच्या भिंती बर्फाहून गार. यंत्रं सुरू झाली. तापमानाचा आकडा चाळीस, साठ, नव्वद. उष्णता माझ्यापाशी येऊन धडका देत होती. मला ती सोडता येत नव्हती. आणि खरं सांगू? येत असती तरी सोडली नसती. शंभरच्या पुढे मुख्य यंत्र जळालं.

"भिंती एवढ्या गार, मग हे तापलं कसं?" पाहुण्यांतल्या आजींनी विचारलं.

साहेबांनी सहीचा कागद पुढे केला. "या बाईंचं काम!"

ताईंना बोलावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सही माझीच. तिच्या वरची ओळ वाचा: पांढरा रंग, सात थर. दाखवा मला यातला एक."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. माझ्यात त्यांना स्वतःचं तोंड स्वच्छ दिसत होतं. त्याच आठवड्यात त्यांची खुर्ची गेली. ताईंनी रंगवलेला दुसरा पत्रा वर गेला. मी भंगारात पडलो. पडू दे. सौदा मला परवडला.

मित्रांनो, वस्तू जपा, आणि ती जपणाऱ्या माणसाचं ऐका. आम्हाला उलट बोलता येत नाही. जाळता येतं.