तातडीच्या खोलीतला स्क्रीन

मित्रांनो, मी एक जुना स्क्रीन आहे. चार चाकांच्या गाडीवर उभा, डोक्यावर कॅमेरा, पोटात स्पीकर. एका छोट्या दवाखान्यात तातडीचे रुग्ण आणतात त्या खोलीत खाटेच्या पायथ्याशी माझी जागा आहे. साडेतीनशे किलोमीटरवरच्या मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर माझ्यातून रुग्णाला बघतो आणि काय करायचं ते सांगतो.

कारखान्यातून आलो तेव्हा मी भलताच तोऱ्यात होतो. इथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तो उतरवला. "सिस्टर, हा डबा नाडी बघणार आहे का?" असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर ओला टॉवेल वाळत घातला.

तरी माझे दिवस आले. एका शिक्षिकेच्या छातीत जळजळत होतं. म्हातारे डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. सिस्टरने तिच्या हृदयाच्या आलेखाची पट्टी माझ्यासमोर धरली आणि पलीकडचा डॉक्टर ताडकन म्हणाला, "पित्त कसलं! झटका आहे. इंजेक्शन आत्ता द्या." शिक्षिका वाचली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी मुकाट्याने आपला टॉवेल उचलला.

मग काय, वर्तमानपत्रात माझा फोटो आला, बघायला साहेब लोक आले. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. महिन्याभरात वरून पत्र आलं. स्क्रीन इतका चांगला चालतो, तर तिथे वेगळा डॉक्टर कशाला? म्हातारे डॉक्टर आपली पिशवी घेऊन गेले. खरं सांगतो, मला तेव्हा आनंद झाला. आता खोलीत माझाच शब्द चालणार होता.

एका दुपारी एका गवंड्याला आणलं. जुनी भिंत पाडताना त्याला गांधीलमाश्या डसल्या होत्या. बरोबर त्याची बायको होती, हात सिमेंटने भरलेले. त्याचा गळा आतून सुजत चालला होता. सिस्टरने इंजेक्शनं दिली, पण सूज उतरेना. श्वासासाठी नळी घालायला वाटच दिसेना.

"गळ्याला पुढून छेद द्यावा लागेल," पलीकडचा डॉक्टर म्हणाला. "मी सांगतो तसं करा."

"सर, मी हे कधीच केलेलं नाही."

"माहीत आहे. पण वेळ नाही हो. कॅमेरा जरा खाली घ्या, मला गळा दिसत नाहीये."

माझी मान वळवायला सिस्टरला गवंड्याला सोडावं लागलं. ती परत वळेपर्यंत तो तडफडून कुशीवर झाला होता. तिने त्याला सरळ केलं, तर मला पुन्हा तिची पाठच दिसू लागली. शेवटी बायकोने माझी मान धरली. घाबरलेल्या हातांनी तिने मला थेट छताकडे वळवलं.

"डॉक्टरसाहेब, तुम्हीच या ना इकडे!" ती रडत म्हणाली. "किती लांब आहात तुम्ही?"

पलीकडच्या डॉक्टरचे दोन्ही हात नुसतेच वर आले होते, समोर गळा असल्यासारखे. त्याला सगळं येत होतं. सिस्टरने छेद दिला, पण फार उशीर झाला होता.

नंतर पाहणी झाली. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, यंत्रात दोष नाही, असा शेरा मिळाला. शेजारच्या तीन दवाखान्यांना माझ्यासारखे स्क्रीन मंजूर झाले आणि तिथल्या डॉक्टरांना बदलीची पत्रं गेली. मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्या स्पीकरमधून फक्त दुसऱ्याचंच बोलणं येतं.

मित्रांनो, माझा एखादा भाऊबंद तुमच्याकडे आला, तर त्याला जपा. तो खरोखर कामाचा आहे. पण तो आला म्हणून तुमचा डॉक्टर निघाला, तर दारात आडवे व्हा. आमच्याकडे कोणीच आडवं झालं नाही, आणि मी तर खूश होतो.

सिस्टरनेही आता बदलीचा अर्ज दिला आहे. ती गेली की माझी मान वळवायलाही कोणी उरणार नाही.