पहिल्या क्रमांकाचा पट्टा

"मॅडम, हा पट्टा आम्हाला मधेच काढून टाकावासा वाटला, तर चालेल का?"

प्रश्न विचारून झाल्यावरही भोंगा खाली बसली नाही. हे नाव वर्गानं तिच्या आवाजावरून ठेवलं होतं. असं विचारायची पैज शेजारच्या मैत्रिणीनं, वर्गाच्या भाषेत टाचणीनं, लावली होती, पण उभं राहण्याची हौस तिची स्वतःची. अख्ख्या सभागृहानं माना वळवल्या. मागच्या रांगेत खसखस पिकली, कारण व्यासपीठावरच्या मॅडम म्हणजे भोंगाची सख्खी आई होती.

आईचं काम म्हणजे दोन विद्यापीठं, आरोग्य खातं आणि शाळा यांना एका प्रकल्पात गुण्यागोविंदानं नांदवायचं. बाबा तिला 'चार सासवांची सून' म्हणत. सध्याचा प्रकल्प होता शाळकरी मुलींची झोप आणि आरोग्य. त्यासाठी आठवी-नववीच्या मुली रात्रंदिवस मनगटावर झोप मोजणारा एक करडा पट्टा बांधून फिरत होत्या. आणि आज आईच्या शेजारी बसले होते भागीदार विद्यापीठाचे पाहुणे प्राध्यापक.

"चालेल," आई माइककडे झुकून म्हणाली. "कधीही काढा. कारणसुद्धा सांगावं लागणार नाही."

प्राध्यापकांनी समाधानानं मान डोलावली. आई फोटोत हसते तशी हसली.

"काढ की मग," टाचणीनं कोपरानं ढोसलं.

"तू काढ."

"वा गं! आधी तू घातलास. तुझं बघून आम्ही अडकलो."

भोंगा खाली बसली. संमतीपत्रावर पहिली सही तिचीच होती. जेवणाच्या टेबलावर, ताटं बाजूला सारून आईनं करून घेतलेली. "तू केलीस की बाकीच्या करतील," आई तेव्हा म्हणाली होती, आणि झालंही तसंच. प्रकल्पात मुलींना नावं नव्हती, नुसते क्रमांक होते, कोणती झोप कुणाची हे ऑफिसात कळू नये म्हणून. पण पहिला क्रमांक कुणाचा, हे आईला कसं विसरता येणार? परवा सकाळी दुधाचा पेला पुढे सरकवताना ती सहज बोलून गेली, "काल बराच वेळ जागी होतीस ना गं?" तेव्हापासून भोंगा अंथरुणात कूस बदलतानाही हात हळूच उचलायची.

संध्याकाळी आई घरी आली ती पर्स खांद्यावरच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"पाहुण्यांसमोरच सुचलं तुला?"

"पैज होती."

"पैज!" आईनं खुर्ची ओढली. "एक मुलगी गेली ना, की मागोमाग दहा जातात. मुली कमी झाल्या की ते पुढचा करार करणार नाहीत. मग शाळेत पट्टे तपासायला येणाऱ्या नर्सबाई घरी, आणि मीही घरी."

"म्हणजे तू सगळ्यांसमोर खोटं बोललीस?"

"नाही. नियम आहेच तसा."

"फक्त वापरायचा नाही."

भोंगानं मनगट खाजवलं. पट्ट्याखाली लालसर पुरळ उठलं होतं.

"मला नाही घालायचा आता," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा लहान निघाला. "घरातसुद्धा तपासणी चालू असल्यासारखं वाटतं."

"माझ्या हातात बांधा," मटार सोलता सोलता बाबा म्हणाले. "मी रात्री झोपतो, दुपारी झोपतो, मीटिंगमध्येही झोपतो. प्राध्यापक खूश होऊन जातील."

भोंगा फसकन हसली. आई हसली नाही. ती पट्ट्याकडे बघत राहिली. मग तिनं भोंगाचा हात मांडीवर ओढून घेतला आणि लहानपणी बुटाची नाडी सोडायची तितक्याच हलक्या हातानं खटका उघडला. पुरळावरून एकदा अंगठा फिरवला. आणि पट्टा स्वतःच्या मनगटावर, घड्याळाच्या वर, चढवून टाकला.

"परीक्षेपर्यंतच तर चालायचाय प्रकल्प," ती बाही खाली ओढत म्हणाली. "तू लांब हातांचा शर्ट घालत जा. कोणाला कळायचं नाही."

बाबांच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली.

भोंगाचं मनगट हलकं झालं होतं. हवं होतं ते मिळालं होतं, तेही न भांडता. पण तिची नजर आईच्या बाहीवरून हलेना. बाहीच्या कडेतून एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. कुणाचा हात आहे याची त्याला पर्वा नव्हती. मागच्या एका प्रकल्पात एका नर्सबाईंनी एक उत्तर अंदाजानं भरलं, म्हणून याच आईनं अख्ख्या वस्तीची पाहणी पुन्हा करायला लावली होती. जेवताना त्यावर तासभर बोलली होती. आता ती कुणाकडे न बघता बाही ओढत होती, सोडत होती, पुन्हा ओढत होती.

"मी चहा टाकते," आई उठत म्हणाली.

"आई, थांब. हात दे."

"अगं, झालं ना तुझ्या मनासारखं?"

"दे ना."

आईनं हात पुढे केला. खटका पहिल्या झटक्यात उघडला नाही. पट्टा निघाला तसा तिनं तो मुठीत घट्ट धरला, एकदा बाबांकडे पाहिलं, मग आईकडे.

"उद्या मधल्या सुट्टीत मी हा नर्सबाईंना परत देणार आहे. सगळ्यांसमोर. तू रागाव, महिनाभर बोलू नकोस माझ्याशी, चालेल मला. पण तुझ्या हातात नको."