विटकरी रंगाच्या मुली

गेल्या डिसेंबरात मी हिवाळ्यात कोणती लिपस्टिक लावावी यावर लिहीत होते. सोलमधल्या एका लहानशा ऑनलाइन मासिकात बरीच वर्षं माझं सदर आहे. कपडे, प्रसाधनं, चालू मालिका, अधूनमधून बातम्यांतलं काही, मनाला येईल ते मी लिहिते. लेख निम्मा झाला होता आणि देशात लष्करी कायदा पुकारला गेला. पहाटेपर्यंत तो मागेही घेतला गेला, पण सकाळी लेख उघडला तर माझीच वाक्यं मला परकी वाटली. थंडीत मनुक्याचा रंग खुलून दिसतो, असं मी लिहिलं होतं. कुणाला खुलून दिसतो, आणि कशासाठी?

माझी संपादक सनयंग मला ताई म्हणते. या आठवड्यात सदर नको, असं मी तिला कळवलं. ती म्हणाली की जागा रिकामी ठेवायची नाही. काहीही लिहा, पण घराबाहेर पडून लिहा.

म्हणून शनिवारी दुपारी यॉइदोला, संसदेसमोर गेले. राष्ट्राध्यक्षांना हटवा म्हणून तिथं लोक जमले होते. नदीवरचा वारा हाडांत शिरत होता. मला वाटलं होतं, जुन्या निदर्शनांतले ते करडे चेहरे, त्या मेणबत्त्या दिसतील. पाहते तर जिकडेतिकडे पोरी. गाण्याच्या कार्यक्रमात चाहते हलवतात त्या दिव्याच्या कांड्या प्रत्येकीच्या हातात, ज्या त्या गायकांच्या रंगाच्या. एरवी एकमेकींच्या गायकांना नावं ठेवणाऱ्या मुली खांद्याला खांदा लावून एकाच तालात घोषणा देत होत्या.

शेजारच्या मुलीनं दातांनी हातमोजा ओढला, आरसा काढला आणि ओठ रंगवायला घेतले. एवढ्या थंडीत कशाला नटतेस, असं मी विचारलं.

"मावशी, आजचे फोटो मी म्हातारपणी बघेन ना," ती आरशातूनच म्हणाली. "त्यात मला भेदरलेली दिसायचं नाहीये."

मग तिनं विचारलं, तुम्ही कुणाच्या? म्हणजे कोणत्या गायकांच्या चाहत्या. मी आमच्या गटाचं नाव सांगितलं. तिनं ते ऐकलेलंच नव्हतं. पाच पोरं होती, चार वर्षांत पांगली, असं मी म्हटलं. तिनं पिशवीतून जादा कांडी काढून माझ्या हातात दिली. तिच्या दिव्याकडे बघत उभी असताना मला मिर्योंगची इतकी आठवण आली की घोषणा द्यायचं राहूनच गेलं.

कॉलेजात असताना मी आणि मिर्योंग एका खानावळीच्या माडीवर एकाच खोलीत राहायचो. ती दक्षिणेतल्या मोक्पो बंदराची. त्या काळी प्रत्येक गटाच्या चाहत्यांचा एक रंग ठरलेला असे आणि त्या रंगाचे फुगे घेऊन कार्यक्रमाला जायचं. पांढरा, पिवळा, आकाशी असे चांगले रंग मोठ्या गटांकडे गेलेले. आमच्या वाट्याला विटकरी आला. विटकरी फुगा किती वाईट दिसतो ते पाहिल्याशिवाय कळत नाही. आम्ही आत शिरलो की बाकीच्या मुली म्हणायच्या, आली बघा किमचीची मडकी, म्हणजे कोबीचं लोणचं मुरवायची ती तपकिरी मडकी.

मिर्योंग रडली नाही की भांडली नाही. पुढच्या कार्यक्रमाला ती त्याच रंगानं ओठ रंगवून, केस मागे बांधून, मान ताठ ठेवून आली. मडकी म्हणणाऱ्या मुली तिच्याकडे बघतच राहिल्या. पुढच्या हंगामात सगळं सोल तो रंग लावून फिरत होतं. ते काही तिच्यामुळे नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मला ते तिच्यामुळेच वाटे. मी नवीन काही घातलं की ती एवढंच विचारायची, "हे कुणासाठी घातलंस?" उत्तर देता आलं नाही तर मी मुकाट्यानं कपडे बदलायची. आज मी जे लिहिते, ते सगळं त्या एका प्रश्नातून आलं.

वडील अंथरुणाला खिळले म्हणून ती मोक्पोला परतली. तिथंच लग्न झालं. फोन कमी होत गेले आणि एकदा तो नंबर दुसऱ्याच कुणाचा तरी निघाला. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. आमचं भांडणही झालं नव्हतं.

हे सगळं मी त्या आठवड्याच्या सदरात लिहिलं. तिचं नाव मात्र घातलं नाही. दोन दिवसांनी सनयंगचा फोन आला.

"ताई, मोक्पोहून एक बाई बोलत होत्या. काय तो तोरा! म्हणाल्या, लिहिणारीला सांगा, तो रंग विटकरी नव्हता, गेरूचा होता. नंबर ठेवलाय त्यांनी."

मी उभ्या उभ्याच फोन लावला. ती म्हणाली, एवढी वर्षं रंगांवर लिहितेस आणि अजून तुला गेरू कळत नाही. आवाज तोच होता, पण काही अक्षरं जरा बोबडी येत होती. माझं प्रत्येक सदर तिनं वाचलं होतं. मग कधी फोन का केला नाहीस, असं मी विचारलं. मग तिनं सरळ सांगून टाकलं. काही वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. औषधं झाली, सुया टोचून झाल्या. थोडं सुधारलं, बाकीचं तसंच राहिलं.

"तू चेहऱ्यांवर लिहितेस, हेरान," ती म्हणाली. "तुझ्यासमोर कशी येऊ?"

मी उद्याच निघते म्हटलं तर ती नको म्हणाली. जानेवारीअखेरचा चांद्र नववर्षाचा सण होऊन जाऊ दे.

फेब्रुवारीत गेले. स्टेशनवर ती मास्क लावून उभी होती. हल्ली निम्मे लोक मास्क लावतात, कुणी वळून बघत नव्हतं. तिचा कोट निळा, साधा, पण खांद्यावर असा बसला होता की मी लांबूनच ओळखलं. आम्ही मिठी मारली नाही. तिनं माझी बॅग घेतली आणि भूक लागली असेल म्हणाली.

बंदराजवळच्या खानावळीत मुळा आणि ऑक्टोपसचा रस्सा समोर आला. आता मास्क काढणं भाग होतं. तिनं तो काढला, घडी करून बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. डावा डोळा नीट मिटत नव्हता, ओठाचं टोक खाली ओघळलं होतं. उजवी बाजू अजून ती माडीवरची मिर्योंग होती, आणि तेच बघवत नव्हतं.

"काय दिसतंय ते सांग," ती म्हणाली. "आणि सदरातल्यासारखं गोड नको."

मी म्हटलं, अर्धी तू आहेस आणि अर्धी मला अजून ओळखीची झाली नाही. वेळ लागेल.

"मलाही लागला," ती म्हणाली आणि जेवायला लागली. ओठाच्या कडेनं रस्सा ओघळला की ती न लाजता रुमालानं टिपायची. मी आधी नजर वळवत होते. मग वळवणं सोडलं.

जेवताना तिनं सांगितलं की त्या डिसेंबरात तीही मोक्पोच्या चौकात निदर्शनांना गेली होती. मास्कच्या आत ओठ रंगवून. कुणाला दिसणार नव्हते. मी विचारलं, मग कुणासाठी? ती हसली. हसू एकाच बाजूला आलं.

संध्याकाळी धक्क्यावर बसलो. समोरच्या बेटांवर जाणारी बोट सुटत होती. गेरूच्या रंगानं ओठ रंगवलेल्या त्या फुगेवाल्या पोरीची तुला आठवण येते का, असं तिनं विचारलं. मी खोटं बोलले नाही. रोज येते, म्हटलं.

"मलाही," मिर्योंग म्हणाली.

मग कितीतरी वेळ आम्ही त्या पोरीविषयीच बोलत बसलो. ती कशी चालायची, कशी फटकन बोलायची. जिवलग कुणी दूरदेशी गेलेलं असावं आणि त्याचं पत्र येत नसावं, तसं. गार वारा सुटला तेव्हा तिनं मास्क लावला आणि आम्ही तिच्या घराकडे निघालो.