उत्तर आधीच देऊन ठेवलेलं

व्हर्ना कोलेसारच्या पदरात पडणार होतं ते एवढंच: फुकटात सेट केलेले केस, एक हॅम सँडविच आणि फिलोमिना दातिलोचा जळफळाट. पहिल्या दोन गोष्टी सोडल्या तरी चाललं असतं. शेजारच्या फिलोमिनाच्या भावाचा फोटो एकदा पेपरात आला होता आणि ते कात्रण पर्समध्ये घालून ती यंगस्टाउनभर मिरवत होती.

भाचीच्या लग्नाला न्यूयॉर्कला गेलेली व्हर्ना थिएटरच्या रांगेत उभी होती, तिथेच प्रुइट नावाच्या जाहिरातवाल्याने तिला हेरलं. सिनेटर हॅल्स्टेड राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते आणि त्यांच्या टीव्ही जाहिरातीत सामान्य बाई हवी होती. व्हर्ना नखशिखान्त सामान्य होती.

स्टुडिओत तिच्यासमोर पाटी धरली: ‘सिनेटर, मांस इतकं महाग का झालंय?’

"सिनेटर कुठंयत?" तिने विचारलं.

"ते मागच्या महिन्यातच उत्तर देऊन गेले."

"प्रश्नाच्या आधी?"

"बाई, त्यांना वेळ नसतो. तुम्ही विचारा, आम्ही जोडतो."

"मग मी माझाच विचारते की! भट्टीवर माणसाची पाठ कामातून गेली तर त्यानं—"

"त्याचं उत्तर आमच्या फिल्मच्या डब्यात नाही," प्रुइट गोड हसून म्हणाला. "पाटीवरचंच वाचा. शाब्बास. आता नुसती मान हलवा. छान सूप चाखल्यासारखी."

व्हर्नाला कडकडून भूक लागली होती. मान झकास हलली.

कामातून गेलेली पाठ तिच्या नवऱ्याची होती. अँडी पोलादाच्या भट्टीवर होता आणि त्या ऑक्टोबरात युनियनच्या प्रतिनिधीपदाला उभा होता. निवडून आला असता तर भट्टी सुटून टेबलाशी बसायला मिळालं असतं. उन्हाळ्यातल्या संपात तो गेटवरून हलला नव्हता, त्यामुळे निवड ठरल्यातच जमा होती.

शुक्रवारी युनियनच्या हॉलमध्ये सगळे टीव्हीवर मुष्टियुद्ध बघत बसले होते. व्हर्नाने फिलोमिनाला मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये पडद्यावर व्हर्ना आली, मांसाचा भाव विचारता झाली. मग सिनेटर आले. "कारण बाई, युनियनचे पुढारी संप करतात आणि भुर्दंड तुम्हाला पडतो!" मग पुन्हा व्हर्ना. समाधानाने मान हलवणारी.

हॉलमधल्या सगळ्या माना अँडीकडे वळल्या.

"कोलेसार," मागून कुणीतरी म्हणालं, "घरचं मत कळलं बरं का तुझ्या!"

"केस मात्र छान बसलेत हो," फिलोमिना म्हणाली.

घरी अँडीने टोपीसुद्धा काढली नाही. "मान का हलवलीस?"

"सुपासाठी!"

"कुठलं सूप?"

"सूप नव्हतंच रे!"

"मग कशाला हलवलीस?"

सकाळी तिने टीव्ही केंद्रात फोन लावला. तिथला माणूस अदबीने बोलला. जाहिरातीचे पैसे भरलेले आहेत, नोव्हेंबरातल्या मतदानापर्यंत रोज लागणार. खुलासा करायचा तर त्याच दराने वेळ विकत घ्या.

तेव्हा युनियनच्या मतदानाच्या दिवशी ती स्वतःच हॉलच्या दारात उभी राहिली. "ऐका माझं! तो माणूस माझ्यासमोर नव्हताच. मी विचारायच्या आधीच त्यानं उत्तर देऊन ठेवलं होतं!"

अँडीच्या विरोधात उभा असलेला मिहालिक हात बांधून ऐकत होता. "म्हणजे तू काय विचारणार ते त्याला आधीच ठाऊक होतं?"

"हो ना!"

"ऐकलंत?" तो रांगेकडे वळला. "सगळं आधीच ठरलेलं होतं. ती स्वतःच सांगतेय."

"अरे, तसं नव्हे—"

"किती घेतलेस, व्हर्ना?" रांगेतून आवाज आला.

"एक सँडविच!"

एवढं हसू तर त्या हॉलमध्ये संप जिंकल्यावरही फुटलं नव्हतं. अँडी सडकून पडला.

नोव्हेंबरात सिनेटरही पडले, पण पैसा देणगीदारांचा होता. प्रुइटच्या कंपनीने आपला मेहनताना आधीच वसूल केला होता. आता ती टूथपेस्ट विकत होती. टीव्ही केंद्राचंही भागलं. अँडी पाठीला पट्टा आवळून भट्टीवर जात राहिला. डबा खाताना त्याच्या बाकावर कुणी बसत नसे. घरी तो टीव्हीकडे आणि बायकोकडे, दोन्हीकडे पाठ करून जेवायचा. त्या टीव्हीचे हप्ते अजून फिटायचे होते. ते व्हर्ना भरत होती.