वास घेणारी कुत्री

यंदा मी पहिल्यांदाच वक्तृत्वाला नाव दिलं आणि अख्ख्या नववीतून माझी एकटीची निवड झाली! विजयमाला मॅडमनी विषय दिला, ‘अमली पदार्थ रोखायला शेजारी देशाला आपली मदत’. भाषणही त्यांनीच लिहून दिलं. आपण समुद्रापलीकडच्या एका देशाला गस्तीच्या बोटी दिल्या, तपासणीची यंत्रं दिली, वासावरून नशेचा माल शोधणारी कुत्री दिली. मग टाळ्या.

मी भाकरी थापता थापता पाठ करायचे. आई पडून ऐकायची. श्रीगोंद्याकडून ऊस तोडून गुढीपाडव्याला परत आली, तेव्हापासून ती पडूनच असते.

“पंके, ती कुत्री गोळ्या बी वळखत्यात?” तिनं एकदा विचारलं.

“सगळं ओळखतात. पुरलेलंसुद्धा!”

दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यात हात घातला, तर आत गोळ्यांचं पाकीट.

आधी मला हसूच आलं. आमच्या खर्डा गावात कुठलं आलंय ते कुत्रं! मग हसू थांबलं. आई रोज घ्यायची त्या गोळ्या मी अंगदुखीच्या समजत होते. पण आईनं लपवल्या, म्हणजे त्या नशेच्या आहेत हे तिला माहीत होतं.

“कुणी दिल्या?”

“सूर्यभाननानानं. उसाच्या फडात पहाटं समद्यांनाच देत्यात. दोन घेतल्या की मोळी जड लागत न्हाई. आता न्हाई घेतली तर अंगाला मुंग्या डसत्यात गं.”

नाना आमच्या टोळीचा मुकादम. कुणाला तोडीला न्यायचं ते तोच ठरवतो. शाळेच्या समितीचा अध्यक्षही तोच! दिवाळीनंतर आई पुन्हा त्याच्याच टोळीत जाणार होती. यंदा गेली, तर परत येईल ती माझी आई नसेल, एवढं मला कळलं.

स्पर्धेला नाना पहिल्या खुर्चीवर, गळ्यात हार. आई मागे बायकांत. मी बोटी म्हटल्या, यंत्रं म्हटली, आणि कुत्र्यांपाशी थांबले. विसरले नव्हते! मॅडम उगाच खालून ओठ हलवत होत्या.

“त्यातलं एक कुत्रं खर्ड्याला द्या,” मी म्हणाले. “आणि नानांच्या खिशापाशी सोडा.”

“ए पोरी, विषय काय, बोलतीस काय?” नाना उठला.

“विषय तोच आहे, नाना! तिकडच्या पोरांच्या आया वाचवायला बोटी जातात. माझ्या आईला गोळ्या चारणारा इथं हार घालून बसतो. त्याला शोधायला समुद्र कशाला ओलांडायचा?”

मी आईनं संपवलेलं एक रिकामं पाकीट त्याच्यापुढच्या टेबलावर आपटलं. मागून एक बाई ओरडली, “आमाला बी देतो की!” तेवढ्यात मॅडमनी माईक बंद केला. मग मी बिनमाईकची ओरडले.

घरी जाताना आई झपाझपा पुढे.

“आता घील का तो टोळीत?”

“नको घेऊ दे!”

“स्टेजवर बोलाया सोपं हाय. अंग मोडून येतं तवा कोन दाबील? तू?”

“मी दाबीन.”

“शाळा बुडवून?”

“बुडवून!”

ती रस्त्यातच थांबली. कमरेची पिशवी सोडून तिनं उरलेलं पाकीट माझ्या हातात कोंबलं. मी पाहिलं, एक गोळी फाडून काढलेली.

“ती कुठंय?”

“ठिवलीय,” माझ्याकडं न बघता ती म्हणाली. “उद्या जामखेडच्या दवाखान्यापातुर चालाया नको?”