पील नदीच्या अलीकडे

आईला विमानानं न्यायला डॉक्टर तयार नव्हते आणि आई विमानात बसायला तयार नव्हती. निदान एवढ्या एका गोष्टीत तरी त्या दोघांचं जमलं. एडमंटनच्या त्या दवाखान्यात मी विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे धरा, जास्तही निघतील. आई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मला बर्थाकडे ने." बर्था म्हणजे तिची धाकटी बहीण, माझी मावशी. आणि मावशीकडे म्हणजे फोर्ट मॅकफर्सनला, तीन हजार किलोमीटर उत्तरेला, पील नदीच्या पलीकडे.

माझ्या नवऱ्याकडे, ग्रॅहमकडे, एक घरगाडी आहे. पलंग, शेगडी, फ्रीज, संडास, सगळं आत. तो दर रविवारी ती पुसतो. मला एवढं कुणी पुसलं असतं तर मी आज वीस वर्षांची दिसले असते. मी म्हटलं, आईला हिच्यातूनच नेऊ. आडवी पडून येईल, दगदग नाही, धक्का नाही. मागच्या पलंगावर आई, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र, पुढे ग्रॅहम आणि मी, मधल्या बाकावर आमची एकोणीस वर्षांची लेक टॅनिस. असे आम्ही चौघं जूनच्या शेवटी निघालो.

पहिले चार दिवस डांबरी रस्ता होता आणि आई झोपून होती. डेम्पस्टर महामार्गाची खडी लागली तशी ती उशीवर कोपर टेकून बसली. डोंगर दिसले की त्यांची नावं घेऊ लागली, आमच्या ग्विचिन भाषेतली. त्यातली निम्मी मला येत नव्हती. तीस वर्षं एडमंटनला काढल्यावर येणार कुठून?

"आजी, औषध घे," टॅनिस म्हणायची.

"ते कुत्र्याला घाल. कुत्रं तरी बरं होईल."

"आपल्याकडे कुत्रं नाहीये."

"मग तुझ्या बापाला घाल."

ग्रॅहम पुढून ओरडायचा, "आई, ऐकलं हं मी!" आणि आई तोंडावर पांघरूण घेऊन हसायची. हसली की खोकला यायचा, पण हसायची.

दोनदा टायर फुटला. दुसऱ्यांदा एक मालट्रक थांबला. त्या रस्त्यावर अडलेल्या गाडीपाशी न थांबता कुणी पुढे जात नाही. चालकानं विचारलं, आत कोण आहे? मी आईचं नाव सांगितलं, एफी नेयांडो. त्या दांडगट माणसानं टोपी काढली, बूट दारात उतरवले, आत जाऊन आईचा हात धरून पाच मिनिटं बसला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "लवकर न्या."

आम्ही सहाव्या दिवशी दुपारी पीलच्या काठावर पोहोचलो आणि फेरीबोट बंद होती.

वर डोंगरात पाऊस झाला होता. नदी गढूळ होऊन फुगली होती आणि मुळांसकट उपटलेली झाडं घेऊन धावत होती. पलीकडच्या काठावर बर्थामावशीचा मासे सुकवायचा तळ दिसत होता, धुराची रेघ निघालेली. आम्हाला येऊन तासही झाला नसेल, तोच त्या काठावरून एक होडी सुटली. ओंडके चुकवत, वर जात, खाली घसरत ती अलीकडे आली. माझा थोरला भाऊ एब उतरला.

"चल, आईला घे," तो म्हणाला. 'कशी आहेस' नाही, काही नाही.

"या पाण्यात? वेड लागलंय का तुला? ऑक्सिजनवर आहे ती."

"ती या नदीत होडीतच वाढलीय. तूही."

"उद्या फेरीबोट सुरू होईल. गाडीसकट जाऊ. इथे तिला ऊब आहे, पलंग आहे."

एबनं गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि संडास आहे," तो म्हणाला. "तेवढ्यासाठी तू नदी ओलांडायची थांबलीयस का?"

"तुझा शहाणपणा तुझ्याजवळ ठेव. इतकी वर्षं तिच्या औषधपाण्याला कोण होतं, तू का मी?"

हे मी बोलायला नको होतं. तो माझ्याकडे पाठ करून वळला. मग आत गेला, आईपाशी वाकला आणि म्हणाला, "आई, तू सांग."

आईनं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, "माझी आजी एकदा आजारी पडली होती. आम्ही वसंतात डोंगरातून खाली येत होतो. नदी अशीच होती. मामा म्हणाला, थांबू, पाणी उतरू दे. आम्ही तळ टाकला. तीन दिवस थांबलो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? पाणी उतरलं."

आणि तिनं डोळे मिटले. मी एबकडे विजयानं पाहिलं. बघ, तीही म्हणतेय पाणी उतरेल! एब माझ्याकडे बघतच राहिला. काहीतरी बोलणार होता, पण मघाचं माझं बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं होतं. त्यानं होडी लोटली आणि तो गेला.

आमच्यात म्हातारी माणसं 'असं कर' म्हणून सांगत नाहीत. गोष्ट सांगतात आणि गप्प बसतात. ज्याला कळायचं त्याला कळतं. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी त्या दिवशी मजेत सूप गरम केलं, गाद्या झटकल्या, ग्रॅहमला म्हटलं की फेरीबोटीत पहिला नंबर आपला लागला पाहिजे.

दुसरा दिवस गेला. पाणी तसंच. आईनं सूप घेतलं नाही, टॅनिसशी थट्टा केली नाही. उत्तरेच्या उन्हाळ्यात रात्रीही सूर्य मावळत नव्हता म्हणून मी पडदे ओढले, तर तिनं बोटानं खूण केली, राहू दे. ती पलीकडचा धूर बघत होती.

तिसऱ्या सकाळी मी कॉफी घेऊन टेबलाशी बसले होते. मनात तीच गोष्ट घोळत होती. डोंगर, तळ, तीन दिवस, पाणी उतरलं. आणि एकदम माझ्या हातातला कप टेबलावर आपटला. आजीचं काय झालं? गोष्टीच्या सुरुवातीला आजी होती, शेवटी फक्त पाणी होतं. आईनं मला सगळं सांगितलं होतं, आणि मी, तिच्या पोटची पोर, सूप ढवळत बसले होते.

मी मागे धावले. तिचा श्वास थांबत थांबत येत होता.

"आई, आपण होडीनं जाऊ. आत्ता."

तिनं डोळे उघडले. रागावली नाही. "हं," म्हणाली. मग, "पायात घाल."

तिची मण्यांची चामडी पायताणं पिशवीत होती, घरी उतरताना घालायची म्हणून आणलेली. बाहेर ग्रॅहमनं तीनदा लांब भोंगा वाजवला. पलीकडे एब होडीकडे पळताना दिसला. मी उजव्या पायाची वादी बांधली. डाव्या पायाची बांधत असताना मला कळलं. कसं कळलं ते सांगता येत नाही. पाऊल तेच होतं, पण आता ते मला मदत करत नव्हतं.

मी गाठ पुरी बांधली.

रडायला हवं होतं, टाहो फोडायला हवा होता. पण नदीच्या अलीकडे, माझ्या हट्टापायी, त्या गाडीत? हे मला सोसेना. मी ऑक्सिजनची नळी काढली नाही. यंत्राऐवजी लहान सिलिंडर लावला आणि चालू केला. एब दारात आला तेव्हा म्हणाले, "झोपलीय. हळू उचल."

पायांकडून ग्रॅहमनं धरलं. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याला समजलं होतं. देव त्याचं भलं करो, तो एक शब्द बोलला नाही.

होडीत मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. टॅनिस पुढे काठीनं ओंडके लोटत होती आणि मागे न बघता सांगत होती, "आजी, निम्मी नदी झाली. आजी, बर्थाआजी दिसली बघ!" मीही बोलत होते. थंडी वाजतेय का, आलंच बघ, मावशीनं चहा ठेवला असेल. इतकं प्रेमानं मी तिच्याशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

काठावर गावातली वीसेक माणसं जमली होती. बर्थामावशी कुणाची वाट न बघता रबरी बुटांनी पाण्यात शिरली. तिनं आईचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, गालाला गाल लावला आणि तशीच राहिली. गार लागला असणार. मी मान खाली घातली. आता ही सगळ्यांसमोर सांगणार.

मावशीनं नळी अलगद काढली. सिलिंडरची चावी बंद केली. मग वळून, काठावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आली गं बाई माझी! आली, माझं नाव घेतलं, आणि आत्ता गेली."

बायकांनी रडायला सुरुवात केली. पांघरुणाखाली मावशीच्या हातानं माझं मनगट शोधून घट्ट धरलं, इतकं घट्ट की वळ उठला.

एबनं टोपी काढली. "वेळेत आणलंस, डॉर्कस," तो म्हणाला.

मी मान डोलावली.