कौसाबाईचा डबा

चौतीस वर्षं दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी केली, पण न वाचलेल्या फायलीवर मी कधी सही केली नाही. केली ती एकदाच, निवृत्तीनंतर, पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर. तीही तोंडी.

आमच्या समताने, म्हणजे मुलीने, निवृत्तीची भेट म्हणून आम्हा दोघांना क्रूझवर धाडलं होतं. जहाज त्या बेटाशी चार तास थांबणार होतं. उतरताना माझ्या बायकोने, चंदाने, पिशवीत चिवड्याचा डबा घातला. जहाजावर दिवसातून पाचदा खायला घालत होते, मग चिवडा कशाला? तर म्हणे, "अहो, कोणाच्या गावी रिकाम्या हाताने जातात का?"

डबा स्टीलचा, साधाच. पण त्यावर तिच्या आईचं नाव कोरलेलं होतं, कौसाबाई खोब्रागडे. निंदणाच्या मजुरीतून तिने तो लेकीच्या लग्नात घेतला आणि भांडेवाल्याकडून नाव घालून आणलं. तिला वाचता येत नव्हतं. अक्षरांवरून बोट फिरवत विचारायची, "यात मी कुठं हाय?" तिचा एकही फोटो नाही. ती उरली होती ती त्या डब्यावर.

बेटावर शंभरेक माणसं असतील. एका म्हातारीने चंदाचा हात धरला आणि सरळ घरी नेलं. मी आणि तिथले शाळामास्तर मागोमाग. घरात म्हातारीची गरोदर सून बसली होती. गरोदर बाई दिसल्यावर चंदाला कुठलं राहवतंय! तिने अख्खा डबाच सुनेच्या हातात दिला. सून शेंगदाणे वेचून खाऊ लागली आणि म्हातारी डब्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवू लागली.

"कौसाबाई," चंदा म्हणाली. "मेरी माँ." घराबाहेर हिंदी बोलायची तिची दिल्लीतली सवय. ती बेटावरही सुटली नाही.

म्हातारीने ते नाव तीनदा घोळवलं आणि मास्तरांना काहीतरी सांगितलं. इंग्रजी येणारे ते एकटेच. मला म्हणाले, "आजी परवानगी मागते आहे."

कसली, हे मी विचारायला हवं होतं. पण उकाड्याने जीव जात होता, जहाजाचा भोंगा वाजत होता. "दिली," मी म्हणालो. म्हातारीने डबा सुनेच्या पोटाला टेकवला आणि घरातल्या सगळ्या बायका रडायला लागल्या. मग हसायला लागल्या. 

धक्क्यावर त्यांनी आम्हाला विणलेली चटई दिली. डबा काही आला नाही. जहाज हललं तरी चंदा कठड्याला धरून उभी होती. "आणतील ना हो?"

फरीदाबादला घरी परतल्यावर मी क्रूझ कंपनीला अर्ज केला, मग स्मरणपत्रं पाठवली, एक, दोन, तीन. चंदा रोज विचारायची, "त्यांनी ठेवून कसा घेतला? मी तर फक्त चिवडा दिला होता." माझी ती परवानगी मी तिला सांगितलीच नव्हती. डबा ठेवून घ्यायचीच परवानगी मागितली असणार, असं धरून मी पाच महिने चोरासारखा वावरलो.

मग कंपनीमार्फत मास्तरांचा मेल आला. सोबत फोटो. चटईवर तान्ही मुलगी, उशाशी डबा. मी मोठ्याने वाचू लागलो. 'तुम्ही परवानगी दिलीत त्याप्रमाणे मुलीचं नाव कौसाबाई ठेवलं आहे. आमच्याकडे ज्या भांड्यातून नाव येतं ते भांडं त्या मुलाचं होऊन जातं. तुम्हाला डबा हवा असेल तर मार्चच्या जहाजाने पाठवू. मग नावही परत पाठवावं लागेल. आम्ही दुसरं ठेवू.'

चंदाने फोन माझ्या हातातून घेतला. "परवानगी? कोणी दिली?"

"मी," मी म्हणालो. "कसली ते न विचारता."

मला वाटलं, आता बरसणार. ती फोटोच मोठा करून बघत होती.

"म्हणजे, माय परत आली असं म्हणतात का हे लोक?"

"अगं, आपण बौद्ध. आत्मा-बित्मा आपण मानत नाही."

"मी कुठे मानते? मी विचारतेय, ही माझी कोण लागते?"

मला काय ठाऊक! कितीही डोकं खाजवलं तरी नातं बसेना. चंदा स्वयंपाकघरात गेली, फळीवरची डब्याची रिकामी जागा हाताने पुसली आणि परत आली. तिचे डोळे भरले होते.

"लिहा," ती म्हणाली.

"काय लिहू? पाठवा, की राहू द्या?"

"लिहा, डबा तारेच्या घासणीने घासू नका. अक्षरं झिजतात."